पावसाळ्यात ज्वारीची भाकरी का चिरते? पिठाची विरी, आधण आणि स्टार्च

दरवर्षी आषाढ लागला की लातूरच्या आमच्या भाकरी केंद्रात तीच तक्रार सुरू होते. मार्च-एप्रिलमध्ये ज्या हातांखाली भाकरी टम्म फुगते, त्याच हातांखाली जुलैमध्ये उंड्याच्या कडा फाटू लागतात, थापलेली भाकरी परातीतून उचलताना मधोमध दुभंगते आणि तव्यावर धडपणे पोहोचलीच तर फुगत नाही. ज्वारी त्याच पोत्यातली असते, तवा तोच असतो, बायकाही त्याच असतात. सकाळी अकराला भाकऱ्या नेऊन दुपारी दोनला वाढणाऱ्या एका खानावळीने दोन वर्षांपूर्वी ऐन श्रावणात आमची मागणी बंद केली, तेव्हा त्यांचे म्हणणे एवढेच होते की भाकरी खापरासारखी होते. ते खोटे नव्हते.

अशा वेळी दोष आधी थापणारीच्या हाताला लावला जातो, मग ज्वारीला, आणि शेवटी पिठात मूठभर कणिक मिसळून प्रश्न झाकला जातो. कणकेने भाकरी थापता येते, परंतु ती ज्वारीची भाकरी राहत नाही, आणि गहू न चालणाऱ्या माणसाच्या ताटात ती गेली तर अपायही होतो. परभणीला अन्नतंत्र शिकताना जे पुस्तकात वाचले होते, ते मला या परातीपाशी बसून पुन्हा नीट समजून घ्यावे लागले. त्यातून हाती आलेले येथे क्रमाने मांडत आहे.

विरी कशाची असते?

आमच्याकडच्या मावशींचे निदान एका वाक्यात असते : "पिठाची विरी गेली बघा, आधण घाला." विरी म्हणजे पिठाची चिकटून एकत्र धरून राहण्याची ताकद, आणि आधण म्हणजे उकळते पाणी. निदानही बरोबर आणि उपायही बरोबर. फक्त आधण किती, कशावर आणि कसे घालायचे, हे सांगायचे राहून जाते, आणि चूक नेमकी तेथे होते.

गव्हाच्या कणकेला ताण धरणारी वस्तू म्हणजे ग्लुटेन. ज्वारीत ते नाही. ज्वारीतले मुख्य प्रथिन काफिरिन पाण्यात मळून लवचीक जाळे बनवत नाही, म्हणून ज्वारीचे पीठ कितीही तिंबले तरी कणकेसारखे ओढले जात नाही. मग उंडा एकत्र राहतो तो कशाने? दाण्याच्या वजनाचा सुमारे सत्तर टक्के भाग स्टार्चचा असतो, आणि भाकरीचा डिंक याच स्टार्चपासून तयार करावा लागतो. कच्च्या स्टार्चचे कण घट्ट रचलेले असतात. गार पाण्यात ते थोडेसे ओलावतात आणि तळाशी बसतात, चिकटत नाहीत. तेच पुरेशा पाण्यात तापले, की ज्वारीच्या बाबतीत साधारण ६८ ते ७८ अंश सेल्सिअसच्या दरम्यान त्यांची आतली रचना सुटते, ते पाणी पिऊन अनेक पट फुगतात आणि त्यांच्यातला अमायलोज नावाचा सरळ साखळीचा भाग बाहेर झिरपून भोवतालचे कण एकमेकांना धरून ठेवतो. यालाच जिलेटिनायझेशन म्हणतात, आणि कुरडईचा चीक पातेल्यात एकाएकी घट्ट आणि काचेसारखा पारदर्शक होतो तो हाच क्षण असतो. यासाठी उष्णता आणि पाणी दोन्ही एकत्र लागतात, हे विसरता कामा नये. कोरडे पीठ कढईत कितीही भाजले तरी त्याला चीक येत नाही. उलट फार भाजल्यास साखळ्या तुटून त्याची धरून ठेवण्याची ताकद कमीच होते. टिकावे म्हणून पीठ भाजून ठेवणाऱ्यांची भाकरी याच कारणाने फसते.

पावसाळ्यातच का?

ज्वारीचा दाणा नीट वाळवून ठेवला तर वर्षभर सहज टिकतो. पीठ टिकत नाही. दळताना अंकुरातले तेल साऱ्या पिठाला लागते, हवेच्या आणि दमटपणाच्या संगतीत पिठातली विकरे (एन्झाइम) ते तेल फोडतात आणि मोकळी मेदाम्ले तयार होतात. पीठ कडवट लागू लागते ते यामुळेच. ही मेदाम्ले अमायलोजच्या साखळीत जाऊन बसतात, तसे झाले की स्टार्चचा कण पुरता फुगत नाही आणि अमायलोज बाहेर येत नाही. विरी जाण्याचे हे एक मोठे कारण आहे.

आता आपल्याकडचा पावसाळा आठवून पाहा. चिखल, सतत जाणारी वीज, चक्कीपुढची रांग. उन्हाळ्यात दर चार दिवसांनी चार किलो दळून आणणारे घर पावसाळ्यात पंधरा किलो एकदम दळून आणते आणि ते पीठ दमट हवेत तीन आठवडे पुरवते. म्हणजे पीठ सर्वांत लवकर बिघडते त्याच महिन्यांत आपण ते सर्वांत जास्त दिवस ठेवतो. आमच्या केंद्रात पहिला बदल एवढाच केला, की पावसाळ्यात आठ दिवसांपेक्षा जुने पीठ भाकरीला घ्यायचे नाही आणि डब्यावर दळल्याची तारीख खडूने लिहायची. निम्म्या तक्रारी येथेच संपल्या.

चक्कीचा भागही आहे, परंतु लोक समजतात तेवढा नाही. दगडी चक्कीत दाणा घासला जातो आणि काही स्टार्चचे कण तडकतात. असे तडकलेले कण गार पाण्यातही भरपूर पाणी ओढतात, म्हणून बारीक दळलेल्या पिठाचा उंडा भरड पिठाच्या उंड्यापेक्षा बरा वळतो. हातोड्याच्या गिरणीत दाणा आपटून फुटतो, आणि जाळी मोठी असली की पीठ रवाळ निघते. मात्र पाटे अतिशय आवळून दळले तर तडकलेल्या कणांचे प्रमाण वाढून पीठ परातीत चिकट होते आणि तव्यावर लवकर डाग धरते. चक्कीवाल्याला "बारीक" एवढेच न सांगता चिमूट बोटांत चोळून दाखवावी. कण्या बोटाला लागू नयेत, पण पीठ मैद्यासारखेही निसटू नये. पीठ गरम निघाले तर डब्याचे झाकण लगेच लावू नये, नाहीतर आत घाम धरून ते आणखी लवकर बिघडते.

आधण : चूक कुठे होते

ताजे पीठ मिळणे शक्य नसते तेव्हा आधणाशिवाय उपाय नाही. बहुतेक घरांत पद्धत अशी असते, की परातीत सगळे पीठ घ्यायचे, मधे आळे करायचे, त्यात अंदाजाने उकळते पाणी ओतायचे, उलथन्याने फिरवायचे आणि मग गार पाण्याच्या हाताने मळायचे. मीही हेच करत होते, आणि कधी भाकरी साधायची, कधी चिरायची. एकदा थर्मामीटर आणून परातीत खुपसला, तेव्हा कारण दिसले.

लातूर समुद्रसपाटीपासून सुमारे सहाशे मीटर उंचीवर आहे, त्यामुळे येथे पाणी सुमारे ९८ अंशांवर उकळते. ते पातेल्यातून परातीत पडेपर्यंत एक-दोन अंश जातात. एक किलो पीठ, घरातल्या तापमानाचे, म्हणजे तीस अंशांच्या आसपास. त्यावर चारशे मिलिलिटर आधण ओतून ढवळले, तर पीठ, पाणी आणि स्टीलची थंडगार परात यांच्यात उष्णता वाटली जाऊन मिश्रण ५८ अंशांवर येऊन थांबले. ज्वारीच्या स्टार्चला फुगायला किमान ६८ लागतात. म्हणजे हात भाजला, वाफ निघाली, आधण घातल्याचे समाधान मिळाले, पण जेथे उकळते पाणी थेट पडले तेवढ्याच गुठळ्या शिजल्या आणि बाकीचे पीठ कच्चेच राहिले. त्या गुठळ्या कधी जास्त होतात, कधी कमी, आणि भाकरीही त्याप्रमाणे कधी साधते, कधी साधत नाही.

यावर अधिक आधण ओतणे हा उपाय नव्हे, कारण कच्चे राहिलेले पीठ तेवढे पाणी धरणार नाही आणि उंडा पातळ होईल. उपाय असा, की सगळे पीठ अर्धवट गरम करण्याऐवजी थोडेच पीठ पूर्ण शिजवावे. एक किलो पिठातले तीनशे ग्रॅम वेगळे काढून जाड बुडाच्या पातेल्यात घ्यावे. सातशे मिलिलिटर पाण्याला खळखळून उकळी आणावी आणि ते सगळे त्या तीनशे ग्रॅमवर ओतून लाकडी डावाने भराभर घोटावे. पीठ कमी आणि पाणी पुष्कळ असल्याने येथे तापमान ८० अंशांच्या वर सहज राहते. अर्ध्या मिनिटात डाव जड होतो, पांढुरके मिश्रण किंचित करडे आणि चकचकीत दिसू लागते, आणि डाव उचलला की ते तुटून न पडता पदरासारखे लोंबते. हे दिसले म्हणजे स्टार्च फुगला. मग झाकण ठेवून पाच मिनिटे तसेच राहू द्यावे, म्हणजे आतल्या कणांपर्यंतही उष्णता पोहोचते. त्यानंतर उरलेले सातशे ग्रॅम कोरडे पीठ परातीत घेऊन त्यात ही उकड मिसळावी आणि हाताला सोसेल इतके निवल्यावर तळव्याच्या टाचेने रगडून मळावे. मळताना कोमट पाणी लागेल तसे, साधारण शंभर ते दीडशे मिलिलिटर, घ्यावे. शिजलेला एक भाग कच्च्या दोन भागांना बांधून ठेवतो, आणि कच्चे पीठ शिल्लक असल्याने उंडा हाताला चिकटतही नाही.

प्रमाण पिठाप्रमाणे बदलावे. मालदांडी किंवा परभणी मोती या वाणांच्या ताज्या पिठाला पाचवा हिस्सा शिजवला तरी पुरतो, किंबहुना चार दिवसांच्या आतल्या पिठाला नुसते कोमट पाणीही चालते. दोन-तीन आठवड्यांच्या पिठाला तिसरा हिस्सा लागतो. निम्मे पीठ मात्र कधीही शिजवू नये. तो उंडा हाताला लगदा लागतो, थापताना पसरतो आणि भाकरीच्या पोटात चिकट थर राहतो. शिवाय एका वेळी चार-पाच भाकऱ्यांचेच पीठ रगडावे आणि उरलेल्यावर ओले फडके टाकावे. वैशाखात आपल्याकडे हवा इतकी कोरडी असते, की उघड्या उंड्याची साय दहा मिनिटांत वाळते, आणि उन्हाळ्यातल्या चिरा बहुधा विरीच्या नसून याच कारणाने पडतात.

येथे एक आडवाटेची गोष्ट सांगते. नागपंचमीला आपण ज्वारीच्या लाह्या करतो. लाही फुटते तेव्हा दाण्याच्या आतला ओलावा वाफ होऊन स्टार्चला आधी शिजवतो आणि मग कवच फोडून फेसासारखा फुलवतो. म्हणून लाह्यांचे पीठ गार ताकात कालवले तरी लगेच दाट होते, तर साधे पीठ तळाशी बसते. मी एक किलो पिठात पन्नास ग्रॅम लाह्यांचे पीठ मिसळून आधणाशिवाय भाकरी थापून पाहिली. ती थापली गेली, कडाही बऱ्या राहिल्या, पण तव्यावर डाग फार लवकर पडले आणि चवीला लाहीचा वास राहिला. गॅस संपलेल्या दिवशी ठीक आहे, रोजच्या मागणीला नाही.

चीर कुठे पडते, ते पाहावे

थापतानाच कडा फाटत असतील तर डिंक कमी पडला आहे किंवा उंडा कोरडा आहे. वर सांगितलेली उकड वाढवावी. कडा शाबूत असून उचलताना मधोमध तुटत असेल तर मधला भाग पातळ थापला गेला आहे, ते हाताचे काम आहे आणि त्याला रसायनशास्त्राची गरज नाही.

तव्यावर टाकल्यानंतर चिरा पडत असतील तर वरून फिरवलेल्या पाण्याकडे लक्ष द्यावे. ते पाणी केवळ लागलेले कोरडे पीठ धुण्यासाठी नसते. वरच्या पृष्ठभागावरच्या कच्च्या स्टार्चला शिजण्यासाठी पाणी मिळावे आणि भाकरी उलटल्यावर तेथे सलग, वाफ अडवणारा पापुद्रा तयार व्हावा, यासाठी ते असते. पाणी पूर्ण आटल्यावर उलटली तर तो पृष्ठभाग शिजण्याआधीच वाळतो आणि भेगाळतो. पाणी फिरवून पृष्ठभाग ओलसर असतानाच उलटावी. थापताना खाली फार कोरडे पीठ घेतले तरी हेच होते. पापुद्र्याला सुईएवढे छिद्र राहिले तरी वाफ तेथून निसटते आणि भाकरी फुगत नाही, मग जाळ कितीही मोठा करा.

दुपारची खापर-भाकरी

खानावळीची तक्रार वेगळ्या जातीची होती. भाकरी चांगली भाजली होती, फुगली होती, तरी तीन तासांत वातड झाली. भाकरी वाळली असे सर्वांना वाटते, पण प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधलेली, जिच्यातले पाणी कुठेच गेलेले नाही अशी भाकरीसुद्धा कडक होते. भाजताना सुटलेल्या स्टार्चच्या साखळ्या निवताना पुन्हा एकमेकींना बिलगून रांगेत बसू लागतात. अमायलोजच्या सरळ साखळ्या हे काम पहिल्या काही तासांतच करतात, तर स्टार्चचा दुसरा, फांद्याफांद्यांचा भाग अमायलोपेक्टिन सावकाश, दिवसांच्या हिशेबाने करतो. याला रेट्रोग्रेडेशन म्हणतात. त्याचा वेग थंडाव्यात वाढतो आणि चार अंशांच्या आसपास, म्हणजे फ्रीजच्या खणात, तो सर्वांत जास्त असतो. त्यामुळे उरलेली भाकरी फ्रीजमध्ये ठेवणे म्हणजे ती मुद्दाम शिळी करणे होय. एक-दोन दिवस पुढे ठेवायचीच असेल तर बर्फाच्या कप्प्यात गोठवावी, कारण तेथे साखळ्यांना हलताच येत नाही.

याचा व्यवहारातला अर्थ असा, की जेवणापर्यंत भाकरी निवू द्यायची नाही. आम्ही आता तव्यावरून उतरलेली भाकरी दुरडीत दोन मिनिटे उभी ठेवून वाफ जाऊ देतो, मग सुती कापडात गुंडाळून उष्णता धरणाऱ्या डब्यात गच्च रचतो. डबा साठ अंशांच्या आसपास राहिला तोवर भाकरी मऊ राहते. वाफेसकट डब्यात कोंबली तर खालच्या दोन भाकऱ्या भिजून लगदा होतात, हेही अनुभवाने शिकलो. निवून कडक झालेलीच असेल तर तिच्यावर पाण्याचा हात फिरवून झाकणाखाली तव्यावर गरम करावी; अमायलोपेक्टिनची बांधणी साठ अंशांच्या आसपास सुटते आणि भाकरी बरीचशी मऊ होते. पूर्ण पहिल्यासारखी होत नाही, कारण अमायलोजची बांधणी सुटायला शंभराच्या वरचे तापमान लागते. शिळ्या भाकरीचे कुटके फोडणीत पाण्याचा हबका मारून वाफवतात तेव्हाही हेच घडत असते.

निवलेल्या भाकरीतला काही स्टार्च पचनाच्या विकरांना सहजी दाद देत नाही, त्यामुळे शिळी भाकरी साखर हळू वाढवते असे सांगितले जाते. त्यात तथ्य आहे, परंतु हा फरक भाकरीच्या संख्येवर मात करण्याइतका मोठा मानू नये. दोनऐवजी चार शिळ्या भाकऱ्या खाणाऱ्याला त्याचा लाभ नाही.

सगळे करूनही साधत नसेल तर

मग दाण्यावर संशय घ्यावा. खरिपाची ज्वारी कणसात भरत असताना सप्टेंबर-ऑक्टोबरचा पाऊस लागला, की दाणा काळवंडतो आणि काही दाण्यांना कणसातच मोड येऊ लागतात. मोड येताना दाण्यात अमायलेज नावाचे विकर जागे होते आणि ते स्टार्चच्या साखळ्या तोडत सुटते. पीठ ताजे, आधण नेमके, तरी भाकरीच्या पोटात चिकट थर राहतो आणि उंडा धरत नाही, असे असेल तर बहुधा हेच झालेले असते. फेब्रुवारी-मार्चमध्ये निघणाऱ्या रब्बी ज्वारीला हा धोका कमी असतो, आणि भाकरीसाठी लोक शाळूच मागतात त्याला हेही एक कारण आहे.

घरच्या घरी तपासणी करता येते. वीस ग्रॅम पीठ दोनशे मिलिलिटर गार पाण्यात गुठळी न होऊ देता कालवावे आणि ढवळत मंद आचेवर चढवावे. शेजारी खात्रीच्या पिठाची तेवढीच पेज त्याच आचेवर करावी. दोन्ही पाच मिनिटे उकळून निवू द्यावीत. चांगल्या पिठाची पेज डावाला धरून राहते आणि निवताना आणखी दाट होते. मोडाच्या दाण्याची पेज पाण्यासारखी ओघळते. एकदा दोन वाट्या शेजारी ठेवून पाहिल्या की पुन्हा कोणाला विचारावे लागत नाही.

अशा पिठाला आधण वाढवून उपयोग नाही, कारण तुटलेल्या साखळ्या कितीही शिजवल्या तरी लांब होत नाहीत, आणि मंद आच दिली तर विकराला आणखी काम करायला वेळ मिळतो. दाणा काळा, बुरशी धरलेला असेल तर तो खाण्यासाठी वापरूच नये. नुसता मोडाळलेला, स्वच्छ दाणा असेल तर त्याची आंबील करावी, तिला पातळपणा हवाच असतो. किंवा पिठात बेसन आणि कणिक घालून धपाटे लावावेत, त्यांची बांधणी ज्वारीवर अवलंबून नसते. आमच्या केंद्रात मागच्या भाद्रपदात असे अर्धे पोते निघाले. ते भाकरीच्या परातीपर्यंत जाऊ दिले नाही, आठवडाभर धपाट्यांत संपवले.